पुंडलिकचं बिनकागदाचं नाटक

आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजात नाटक बसवायचं असलं तर आधी नाट्यमंडळाकडे अर्ज करावा लागे. सोबत नाटकाच्या तीन प्रती आणि पात्रांची यादी. मग अर्जदारानं बैठकीत स्वतः वाचन करायचं. हा नियम शहात्तर साली मीच टाइप करून बोर्डावर लावला. मी, घनश्याम, मंडळाचा सचिव. सचिवाचं काम मंडळाच्या अध्यक्षांच्या, म्हणजे सरांच्या, चहाकडे बघायचं, पण मिजास कलेक्टरची.

त्या नोटिशीखाली पुंडलिक येऊन उभा राहिला. पवनीकडच्या कोंढ्याचा. मॅट्रिकनंतर दोन-तीन वर्षं धानाच्या शेतात घालवून पुन्हा शिकायला आलेला, म्हणून आम्हा सगळ्यांपेक्षा थोराड. पांढरा पायजमा, सायकलला टांगलेली थैली, आणि बोलणं असं की वर्गात तो उठला की मागच्या बाकावर खसखस पिकायची.

"नाटक द्याचं हाये मले," तो म्हणाला.

"प्रती कुठे आहेत?"

"प्रती कायच्या? सारं तोंडपाठ हाये."

मी हसलो. तो नाही हसला. त्याचं चूक तरी काय होतं? आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथं दंडार होते. गाणं, सोंग, नाटक सगळं एकात, आणि कागदाचा कपटाही नाही. बाप बोलतो, पोरगा ऐकतो, बाप थकला की पोरगा उभा राहतो. पुंडलिकचा बाप मारोतराव दंडारीतला नावाजलेला गडी. नाटक कागदावर असतं हे पुंडलिकला आमच्या नोटिशीनं कळलं.

मी म्हटलं, तू बोल, मी लिहून देतो. होस्टेलच्या खोलीत चार दुपारी तो बोलला. बोलला कसला, सगळी सोंगं एकट्यानं उभी केली.

नाटक त्याच्या घरचंच होतं. मारोतराव गावच्या तलावाचा पाणकर, म्हणजे शेतांना पाळीपाळीनं पाणी सोडणारा. पाऊस दगा देऊन गेला की गावचा एक कायदा असे: तलावापासून सगळ्यात लांब जी बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, तिला पाणी आधी. जवळच्यांनी थांबायचं. एका साली भादव्यात आभाळ कोरडं झालं आणि नेमका मारोतराव तापानं अंथरुणाला खिळला. तेव्हा त्याची बायको जनाबाई तलावाच्या मोरीवर, पाणी सोडायच्या तोंडावर, जाऊन बसली. तिचं स्वतःचं धान मोरीला लागून, डोळ्यांसमोर करपत होतं. सगळ्यांना वाटलं, ही आता आपलं भिजवणार. एकानं तसं तोंडावर म्हटलंही. ती म्हणाली, "माहा नवरा पडला तापानं. तलावाचा कायदा नाही पडला." आणि पाणी शेवटच्या बांधीला सोडलं. त्या साली त्यांच्या घरात धानाचा दाणा आला नाही.

हे बोलताना पुंडलिक थांबला. म्हणाला, "मायनं भंडारा नाही पाह्यला अजून. गॅदरिंगले आनतो तिले. पह्यल्या रांगेत बसवतो. गावात तिले मूर्खच म्हनतेत अजून. तिनं काय केलं थे तिले दिसलं पाह्यजे, लोकायच्या समोर."

एवढंच त्याला पाहिजे होतं. नाव नको, बक्षीस नको.

आणि मी काय केलं? सरांना बोली चालणार नाही म्हणून रातोरात नव्हे, चांगल्या उजेडात, शुद्धीवर असताना, सगळी भाषा धुऊन काढली. 'मले'चं 'मला', 'काहून'चं 'का'. जनाबाईच्या तोंडी लिहिलं, "माझे पती आजारी आहेत, गावाचा नियम मात्र आजारी नाही." मला वाटलं मी उपकार करतोय. पुंडलिकला सांगितलंही नाही. आज लिहिताना हात शिवशिवतात, पण मारायचं कुणाला? तो हातही माझाच.

बैठकीत मराठीचे प्राध्यापक मधुकरराव अध्यक्ष होते. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. समोर आम्ही पाच विद्यार्थी. पुंडलिकनं प्रत उघडली. पहिली दोन पानं त्यानं अडखळत वाचली. मग जनाबाईचं वाक्य आलं. त्यानं ते मनात वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे पाहिलं.

"हे माह्या मायनं नाही म्हटलं," तो म्हणाला.

सर म्हणाले, "का? भाषा तर छान उतरली आहे."

"सर, अशी बोलली असती त गावानं तिले मोरीवर बसूच नसतं देल्लं."

त्यानं प्रत मिटली आणि उरलेलं नाटक तोंडपाठ, आपल्या बोलीत म्हटलं. पहिल्या 'काहून'लाच पोरं हसली. करपलेल्या धानाकडे पाहून बाई रडते, तिथं हसली. तापात बरळणारा नवरा पाणी कुठवर पोचलं विचारतो, तिथं तर एकानं बाक बडवला. बाक बडवणारा साकोलीकडचा, घरी धानच पिकतं त्याच्या. मी हसलो नाही. पण 'गप बसा' असंही म्हटलं नाही.

सरांनी चष्मा पुसून निकाल दिला. "कथा बरी आहे. पण ही बोली नोकरचाकरांच्या तोंडी शोभते, नायिकेच्या नाही. याचं पंधरा मिनिटांचं विनोदी करा, मधल्या वेळात घेऊ. पोरं पोट धरून हसतील."

आता हे सर कुठले म्हणाल? पुण्याचे, मुंबईचे? छे हो. लाखनीचे. मी त्यांच्या घरी जेवलोय. आईला हाक मारून "मले वरन वाढ वो" म्हणणारा माणूस हा. आणि कॉलेजच्या फाटकातून आत आला की आपल्याच आईची भाषा नोकराणीची. आपलीच मोरी अन् मुतायची चोरी म्हणतात ती हीच. दोन तपं होत आली अध्यापनाला, आणि एवढं कळू नये? माझं डोकं आजही फिरतं.

पुंडलिक उठला. शांतपणे म्हणाला, "माही माय हसाची गोष्ट नोहोय, सर." तिन्ही प्रती गोळा करून थैलीत घातल्या आणि गेला. मी इतिवृत्तात लिहिलं: 'भाषेच्या कारणास्तव अमान्य.' खाली माझी सही. त्या वर्षी आम्ही सोफ्यावर बसून घटस्फोटाच्या गोष्टी करणारं नाटक केलं. आमच्यातल्या एकाच्याही घरी सोफा नव्हता. एका डॉक्टरांकडून मागून आणला.

पुंडलिक बी. ए. झाला. मास्तरकी मिळत होती, घेतली नाही. बाप वारल्यावर गावचा पाणकर झाला. लोक म्हणाले, शिकून वाया गेला. मी बँकेत लागलो, घरीसुद्धा 'मला' म्हणायला लागलो, आणि त्याला विसरलो.

चौऱ्याऐंशी साली त्याचं कार्ड आलं. 'मंडईले ये. दंडार हाये.' मी गेलो. दुपारचं ऊन, झाडाखाली हजारभर माणूस. मला बसायला सतरंजी दिली, चहा दिला. माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली, ओटीत फुटाणे घेऊन. पुंडलिकची आई, जनाबाई.

नाटक तेच होतं. जनाबाईचं काम पुंडलिकनं लुगडं नेसून केलं. फक्त एक पात्र नवीन होतं. धोतरावर टाय बांधलेला, हातात वही, आणि जो बोलेल त्याची भाषा सुधारत फिरणारा. कुणी 'मले' म्हटलं की धावत जाऊन 'मला, मला' करायचा, आणि हजार माणसं खदखदायची. मोरीवर येऊनही तो म्हणाला, "माझे पती आजारी आहेत, गावाचा नियम मात्र आजारी नाही." माझंच वाक्य, अक्षर न् अक्षर. मंडई लोटपोट झाली. माझे कान तापले. आधी वाटलं उठून जावं. मग वाटलं, जाशील कुठं लेका?

पुंडलिकनं त्याला हातानं बाजूला सारलं आणि आईचं वाक्य आईसारखं म्हटलं. कुणी हसलं नाही. एवढ्या मंडईत एक पोर रडत होतं तेवढंच ऐकू आलं. जनाबाई फुटाणे चघळायची थांबली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं. नाक पुसलं. मग माझ्याकडे वळली.

"थो वहीवाला कोन होता जी? आमच्या मोरीवर असा कोनी नव्हता आला."

"थो मी होय, माय," मी म्हटलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ती बोली तोंडातून आली.

तिनं मला नीट पाहून घेतलं. राग नव्हता. मूठभर फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

"पुंडलिक सांगे मले. सारं तुमाले मालूम होतं म्हने," ती म्हणाली. "मंग तवा, कालेजात, काहून नाही बोलले जी?"