धुतलेला रानहंस

कुझुमीसान म्हणजे देवमाणूस, असं कुणी म्हणालं की मी तोंडावर विचारते, "तू त्यांची कार्डं धुतली आहेस का?" मी धुतली. एकोणीस वर्षं.

टोकियोतल्या आमच्या टीव्ही वाहिनीच्या अक्षरखोलीत ते बसायचे. काळ्या गुळगुळीत कार्डांवर पांढऱ्या रंगाने लिहायचे आणि ते कार्ड कॅमेऱ्यापुढे धरलं की अक्षरं घरोघरी दिसायची. हवामान, मंत्र्यांची नावं, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. काम झालं की कार्ड माझ्या मोरीत. मी धुऊन पुसून नेऊन दिलं की हे महाशय ते उजेडात तिरकं धरणार. "फुसाए, कोपरे! कोपऱ्यात तुझा नवरा झोपलाय का? पांढुरकं राहिलंय. कॅमेऱ्याला सगळं दिसतं."

माझ्या मोरीत कधीच न येणारं एकच कार्ड होतं, रानहंसाचं. १९५९ साली वाहिनी सुरू झाली तेव्हा चोवीस वर्षांच्या कुझुमीसाननी काढलेलं आमचं पहिलं चिन्ह. पुढे लांब मान, मागे पंखाच्या तीन आडव्या रेघा. त्या मुद्दाम जाड काढलेल्या, कारण आडवी रेघ बारीक असली की त्या काळी पडद्यावर थरथरायची. पुढे रंगीत टीव्ही आला तेव्हा याच कार्डावरून निळा हंस केला. कार्डाच्या पाठीवर त्यांच्या नावाचा लाल शिक्का आणि तारीख होती.

१९८६ मध्ये वरच्या साहेबांनी बाहेरून एक चकचकीत, गरगर फिरणारं अक्षर करून आणलं. कॉम्प्युटरवर केलेलं. हंस गेला, अक्षरखोली गेली आणि कुझुमीसान खिडकीजवळच्या टेबलावर गेले. आमच्याकडे नकोशा माणसाला हाकलत नाहीत, खिडकीशी बसवतात. पगार चालू, काम बंद. साठी होईपर्यंत नऊ वर्षं त्या माणसाने रस्त्यावरच्या गाड्या बघितल्या. पुढे ते फिरतं अक्षरही गेलं आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात काचेवर बोट उमटावं तसं एक पुसट चिन्ह आलं. ते कुणी काढलं, हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

वाहिनीला पन्नास वर्षं झाली तेव्हा एक जाडजूड पुस्तक निघालं. त्यात सगळी चिन्हं ओळीने छापली होती. हंसाखाली लिहिलं होतं, 'रचनाकार अज्ञात'.

मला फोन आला. "अज्ञात! मी मेलोय का गं फुसाए? मेलेल्याचंसुद्धा नाव लिहितात!" ते रडत होते. त्यांची बायको गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मग २०११ आलं. चोवीस जुलैला, रविवारी दुपारी बारा वाजता जुनं अ‍ॅनालॉग प्रसारण कायमचं बंद होऊन फक्त डिजिटल राहणार होतं. कुझुमीसान रोज वाहिनीच्या दारात जाऊन उभे राहायचे, त्याआधी एकदा माझा हंस दाखवा, नावासकट, म्हणून. शेवटी तिथला इगाराशी नावाचा पोरसवदा साहेब वैतागून म्हणाला, "बरं आजोबा. बाराला दहा सेकंद कमी असताना हंस दाखवतो, खाली तुमचं नावही देतो. पण पुरावा म्हणून तुमच्या शिक्क्याचं मूळ कार्ड हवं. हंस काय, कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत निघतो. रविवारी सकाळी दहापर्यंत आणा."

महिनाभर आम्ही दोघं जुन्या सामानाच्या कोठारात खोकी उपसत होतो. शहात्तर वर्षांचा माणूस धुळीत गुडघ्यांवर रांगत होता. "असणार गं इथेच. माझं कार्ड कोण टाकेल?" आणि मी, मेली, त्यांच्याबरोबर खोकी उघडत होते. कारण ते कार्ड कुठे गेलं ते जगात फक्त मला माहीत होतं.

रविवारी सकाळी सहा वाजता मी कामेइदोला त्यांच्या घरी गेले आणि दारातच सांगून टाकलं. "कुझुमीसान, हंस मी धुतला. खोली बंद झाली त्या दिवशी. साहेब म्हणाले, जुनी कार्डं धुऊन टाक. हे बाजूला ठेवता आलं असतं मला. पण त्या सकाळी तुम्ही सगळ्यांसमोर मला कोपऱ्यांवरून बोलला होतात. रागाच्या भरात धुतला. पाठीवरचा शिक्कासुद्धा घासून काढला."

मला वाटलं, थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग आत जाऊन पलंगाखालचं खोकं ओढून त्यांनी सहा काळी कार्डं काढली. "दहा वाजायला वेळ आहे. मीच काढलेला, मीच परत काढतो. बघू कोण ओळखतो."

मान झकास जमली. अगदी तीच मान! मग पंखाची पहिली आडवी रेघ. हात थरथरला. रेघ पाण्यावर काढल्यासारखी वाकडी झाली.

"धू," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुतलं. पुसलं. त्यांनी दुसरं कार्ड संपवून पुढे सरकवलं होतं. "धू." तिसरं. चौथं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून बघितलं. मनगट टेबलाला पंच्याने बांधायला लावलं, मी रडत रडत बांधलं. रेघ थरथरतच राहिली. "अहो, राहू द्या," मी म्हणाले. "पाया पडते तुमच्या."

"तू धू."

दहा वाजले. इगाराशीचा फोन वाजून वाजून थांबला. आता हंस जमला असता तरी कुणाला द्यायचा? कुझुमीसाननी मान वर केली नाही. सहा कार्डं फिरत राहिली, त्यांच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून त्यांच्याकडे. माझ्या बोटांची साल निघाली.

कोपऱ्यातल्या जुन्या टीव्हीवर लोक उलटे आकडे मोजत होते, हसत होते. बारा वाजले. कार्यक्रम गेला, वरच्या कोपऱ्यातलं पुसट चिन्ह गेलं, निळ्या पडद्यावर फक्त सूचना राहिली की प्रसारण संपलं आहे.

कुझुमीसाननी एकदा तिकडे बघितलं. मग मी नुकतंच धुतलेलं ओलं कार्ड खिडकीकडे तिरकं धरलं, चारही कोपरे नीट बघितले.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "कोपरे स्वच्छ निघाले होते?"

"हो."

"काहीच राहिलं नव्हतं?"

"नाही, कुझुमीसान."

त्यांनी मान हलवली, पंचा पुन्हा घट्ट करायला हात पुढे केला आणि वाकडी रेघ असलेलं दुसरं कार्ड माझ्याकडे सरकवलं.

मी धुतलं. कोपरे आधी.