बोंबील न खाणारा कुत्रा

आमच्या घरी कुत्रा आला, त्याला कारण एकच. माझ्या नवऱ्याला कुणाला 'नको' म्हणता येत नाही. कंपनीतल्या साहेबाने विचारलं, "पिल्लू हवंय का?" ह्यांनी मान हलवली, झालं! घरात बायको आहे, तिला एका शब्दाने विचारावं, हे म्हणे घरी येताना बसमध्ये आठवलं. तोवर पिल्लू ह्यांच्या मांडीवर मुतून मोकळं झालं होतं.

एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही कुवेतमध्ये, अहमदीला तेल कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, पुढे भिंत घातलेलं छोटं अंगण आणि लोखंडी फाटक. हे कंपनीत पंप फिटर. मी रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली. लग्न होऊन आले त्याला वर्षही झालं नव्हतं. सकाळी भोंगा वाजला की हे जायचे, ते दुपार टळल्यावर यायचे. मूलबाळ अजून नव्हतं, शेजारणीची भाषा मला येत नव्हती. दिवसभर मी भिंतीशी बोलायची. आणि भिंतीला तरी किती छळणार?

पिल्लू पांढरं होतं, अंगावर कुणी चहा सांडल्यासारखे डाग, कान लोंबणारे. साहेबाने सांगितलं होतं की हा पॉइंटर जातीचा, पक्ष्यांच्या शिकारीचा कुत्रा. हा पक्ष्याचा वास काढतो, जवळ गेला की एक पाय उचलून जागच्या जागी थांबतो आणि नाकाने दाखवतो, 'इथे आहे.' मग शिकाऱ्याने बार काढायचा आणि पडलेला पक्षी ह्याने उचलून आणायचा.

"आणि शिकारी कोण?" मी विचारलं.

हे म्हणाले, "मी."

या अल्ला! ज्या माणसाने उभ्या जन्मात झुरळ मारलं नाही, झुरळ दिसलं की मला हाक मारतो, तो शिकारी! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मी खूप बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. आम्ही कोकणातली शाफई पंथाची मुसलमान माणसं. आमच्यात कुत्र्याची लाळ लागली की हात सात वेळा धुवायचा, त्यातून एकदा मातीने. अंगणातल्या नळाजवळ मी त्याच संध्याकाळी चाळलेल्या वाळूचं घमेलं भरून ठेवलं आणि ह्यांना बजावलं, खोलीच्या आत ह्याचा पाय पडता कामा नये. कुत्र्याला नाव द्यायलाही मी मनाई केली. नाव दिलं की तो घरचा होतो. म्हणून मी त्याला नुसतं 'अरे' म्हणायची. 'अवो' म्हटलं की नवरा वळायचा, 'अरे' म्हटलं की कुत्रा.

खरी पंचाईत शुक्रवारी झाली. शुक्रवारी चाचा यायचे. हे ह्यांचे सख्खे चाचा. बाप लवकर गेला तेव्हा त्यांनीच ह्यांना वाढवलं आणि नोकरीसाठी इथेही त्यांनीच बोलावून घेतलं. कुवेत शहरात सुकात, म्हणजे तिथल्या बाजारात, शिंपीकाम करायचे. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की बसने अहमदीला येणार आणि माझ्या हातचं जेवणार. परदेशात आम्हाला एवढा एकच वडीलधारा. ते यायचे तेव्हा हे सकाळपासून लहान पोरासारखे फाटकाकडे बघत बसायचे.

त्या शुक्रवारी चाचा फाटकाशी आले, पिल्लू बघितलं आणि तिथेच उभे राहिले.

"हे काय?"

"शिकारी कुत्रा, चाचा," हे म्हणाले.

चाचा शांत माणूस. आवाज कधी चढायचा नाही, पण बोलले की बोलले. म्हणाले, "आपल्या धर्मात राखणीला, शिकारीला कुत्रा ठेवायची मुभा हाय. लाडासाठी नाय. आणि शिकारी कुत्रा कुणाला म्हणायचं तेही सांगून ठेवलंय. सोडला की जाईल, थांब म्हटलं की थांबेल, आणि धरलेलं स्वतः खाणार नाय. थंडीच्या तोंडाला लावऱ्यांचे थवे येतात, तेव्हा मी जातीने बघायला येईन. तिन्ही गोष्टी दिसल्या तर तुझ्या घरी जेवेन. नाय दिसल्या तर ह्याला साहेबाकडे परत दे. तोवर मी फाटकाच्या आत पाय टाकणार नाय."

आणि खरंच टाकला नाही. अख्खा उन्हाळा दर शुक्रवारी यायचे, छत्री उघडून फाटकाबाहेर उभे राहायचे, खुशाली विचारायचे. मग नाक जरा वर करून म्हणायचे, "आज सुरमई काय गं पोरी?" मी म्हणायची, "होय चाचा, देऊ?" "नको," म्हणायचे आणि एक सुस्कारा टाकून बसकडे वळायचे. ते गेले की ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मला ते बघवत नसे. कुत्र्याला परत द्या, हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. तोंडावर यायचं, पण बाहेर पडेना. कारण एव्हाना माझं भिंतीशी बोलणं बंद झालं होतं. मी भांडी घासायला बसले की तो समोर बसून ऐकायचा. माहेरच्या सगळ्या भानगडी त्याला सांगून झाल्या होत्या. मान वाकडी करून असा ऐकायचा की वाटायचं, आता विचारेल, "मग तुमची आत्या काय म्हणाली?" तो गेला असता तर मी वेडी झाले असते. स्पष्टच सांगते.

संध्याकाळी हे त्याला शिकवायचे. म्हणजे 'सिट', 'स्टे', 'कम' असं इंग्रजीत ओरडायचे आणि कुत्रा माझ्याकडे बघायचा. अशाने काय शिकणार? चार दिवस बघितलं आणि पदर खोचला.

खाडीकाठच्या पोरीला गरी टाकायला शिकवावं लागत नाही. भावांपेक्षा माझ्याच गरीला मासे जास्त लागायचे. एक बांबूची काठी घेतली, तिला दोरी लावली आणि दोरीच्या टोकाला गळाऐवजी कोंबडीचा पंख बांधला. सकाळी हे कामावर गेले की अंगणात पंख भिरकावायचा. कुत्रा झडप घालायला आला की मनगटाचा झटका, पंख वर. परत टाकला, परत झडप, परत वर. दमला बिचारा. मग एकदा त्याने झडप घातलीच नाही. जागच्या जागी थांबला. पुढचा पाय उचललेला, शेपटी ताठ, नाक पंखावर, आणि अंगाला बारीक थरथर. हे त्याला मी शिकवलं नव्हतं, कुणीच शिकवलं नव्हतं. "थांब," मी हळूच म्हटलं. थांबला! मी काठी टाकून त्याला मिठीच मारली आणि मग हात, तोंड, मान सगळं वाळूने घासत बसले.

सोडला की जाणं आणि थांब म्हटलं की थांबणं, ह्या दोन गोष्टी पावसाळ्याच्या आत, म्हणजे आमच्याकडच्या पावसाळ्याच्या, इथे कसला पाऊस, जमल्या. तिसरी गोष्ट मात्र अवघड. हा कुत्रा हावरट होता हो! ह्यांची चप्पल खाल्ली, साबण खाल्ला, आणि एक दिवस मी खिडकीत ठेवलेला सुक्या बोंबलांचा डबा पाडून अर्धा फस्त केला. गावाहून आगबोटीने आलेले बोंबील! मी झाडू घेऊन त्याच्यामागे अंगणभर धावले. दम लागून बसले तेव्हा डोक्यात आलं, की जो बोंबील तोंडात धरून खाणार नाही, तो पक्ष्याला काय दात लावणार?

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. मी फाटकाजवळ बोंबील ठेवायची, इकडे नळाजवळ येऊन बसायची आणि म्हणायची, "आण." पहिला खाल्ला. दुसरा खाल्ला. किती खाल्ले ते विचारू नका. ह्यांना सांगितलं, किडे पडले म्हणून टाकून दिले. मारून काही उपयोग नव्हता. मग मी एक केलं. त्याने खाल्ला की मी पाठ फिरवायची आणि अबोला धरायची. चांगला दुपारपर्यंत. माझा अबोला आमच्या घरात दोघांनाही सोसत नसे. आणि नुसता अर्धा तुकडा जरी आणून दिला, तरी कालवणात बुडवलेली भाकरी द्यायची. हळूहळू अर्ध्याचा पाऊण झाला, पाऊणचा अख्खा. शेवटी तो बोंबील तोंडात धरून, लाळ गाळत, डोळे केविलवाणे करून माझ्यापुढे येऊन बसायला लागला. मी हात पुढे करून "दे" म्हणेपर्यंत सोडायचा नाही. दाताची खूण नसायची. तो बोंबील पुढे आम्ही खाल्ला का म्हणाल, तर नाही. एवढी काही मी बेशरम नाही.

ह्यातलं ह्यांना काही बोलले नाही. कुत्रा आपल्याच इंग्रजीने शहाणा झाला, असं समजून माणूस खूश होता. असू दे म्हटलं. आणि चाचांच्या कानावर जायला नको होतं की घरची सून सकाळ-सकाळ कुत्र्याच्या तोंडाशी हात नेते. तेवढ्यावरूनच त्यांनी त्याला घालवला असता.

लावऱ्या आल्या. फिंतासच्या बाजूला एका अरब शेतकऱ्याचा पंप ह्यांनी दुरुस्त केला होता. त्याने लसूणघासाच्या वाफ्यांत शिकारीची परवानगी दिली, वर आपली जुनी बंदूक दिली. आता एगैलाला मॉल झालेत, तेव्हा तिथवर सगळी मोकळी वाळू आणि मधे असे एक-दोन हिरवे मळे. एका शुक्रवारी सकाळी, जुम्म्याच्या आधी, मागून आणलेल्या पिकअपमधून आम्ही गेलो. चाचा छत्री आणि खिशात सुरी घेऊन आले. मी डबा घेऊन बोरीच्या झाडाखाली बसले. आज संध्याकाळी तो घरी असेल की नसेल, डोक्यात तेवढंच.

ह्यांनी कुत्रा सोडला. गेला, सरळ वाफ्यात, नाक जमिनीला. चाचांनी एक बोट दुमडलं. मग थांबला. पाय वर, शेपटी ताठ. हे ओरडले, "स्टे!" न ओरडते तरी तो थांबलाच होता. चाचांनी दुसरं बोट दुमडलं. ह्यांनी पुढे होऊन लावरी उडवली, बार काढला, आणि लावरी आरामात उडून गेली.

पुन्हा तसंच. कुत्र्याने दाखवली, ह्यांनी घालवली. तिसऱ्यांदा कुत्रा मागे वळून ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. चाचा म्हणाले, "पोरा, छर्रे जातात कुठं? तिकडे फहाहील गावात कुणी मरायचा."

शेवटी अल्लाला दया आली. बार झाला, लावरी डगमगली आणि दूर घासात पडली. कुत्रा धावला. मी पदर तोंडात धरला. घास हलला, आणि तो बाहेर आला तो लावरी तोंडात घेऊन. हे गुडघ्यावर बसून, हात पसरून ओरडत होते, "कम! कम!"

कुत्रा त्यांच्या शेजारून निघून गेला. चाचांच्याही शेजारून. मला कळलं, हा कुठे चाललाय. मी झाडाखालून हात हलवून सांगत होते, तिकडे जा, मेल्या, तिकडे! त्याला वाटलं, मी बोलावतेय. आणखी जोरात आला. माझ्या समोर बसला आणि रोजच्यासारखं तोंड वर केलं.

लावरी जिवंत होती, फडफडत होती. चाचा चालत येत होते. हात पुढे करावा तर सगळं उघडं पडणार, न करावा तर फडफडत्या पक्ष्यावर तो किती वेळ दात आवरणार? मी हात पुढे केला. "दे."

त्याने माझ्या तळव्यावर लावरी ठेवली. अख्खी.

चाचांनी ती उचलली, पंख उलगडून, पोट चाचपून बघितली. दात लागलेला नव्हता. अल्लाचं नाव घेऊन त्यांनी सुरी फिरवली. मग माझ्याकडे बघितलं.

"ह्याला कुणी शिकवलं?"

ह्यांनी कुत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी, चाचा," मी म्हटलं.

"कशावर?"

"बोंबलावर. फाटकापासून तोंडात धरून आणायचा, खायचा नाही."

चाचांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता डोक्यावरची टोपी पडली, छत्री पडली. "बोंबील? तोंडात धरला आणि खाल्ला नाय?" डोळे पुसत म्हणाले. "मला नसतं जमलं गं, पोरी!"

मी रडले. चाचांसमोर, ह्यांच्यासमोर, हमसून रडले. कुत्रा गोंधळून माझ्याभोवती फिरायला लागला.

चाचांनी टोपी झटकून घातली. "चला घरी. जुम्मा झाला की जेवायला बसतो, अख्खा उन्हाळा नुसता वास घेतलाय." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "कुत्रा राहील. पण हा तुझा नाय हां, हिचा हाय. शिकारही हिचीच. तुझं काय ते हिलाच विचार, ठेवते का तुला."

आणि ह्या भोळ्या माणसाने खरंच माझ्याकडे बघून विचारलं, "ठेवशील ना गं?"

मी नाक पुसलं आणि म्हटलं, "आधी ती बंदूक परत देऊन या."