टायपिस्टची सही

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात लांब टेबलावर हत्यारं मांडतात. फिटर आपला पाना ठेवतो, टर्नर आपला व्हर्नियर. त्या वर्षी मी माझं मॅन्युअल ठेवलं. कडबाकुट्टीचं, मराठीतलं, मी लिहिलेलं. कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

नवे टेक्निकल हेड आले. मालकांचे भाचे, पुण्यात शिकलेले. त्यांनी ते दोन बोटांनी उचललं.

"हे कुणी ठेवलं?"

"मी, सर. मीच लिहिलंय."

"टेक्निकल रायटिंगचं सर्टिफिकेट आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"मग तू टायपिस्ट. कीबोर्ड ठेव पूजेला."

ते हसले. मग सगळे हसले. मॅन्युअल दाराजवळ, चपलांशेजारच्या खुर्चीवर पडलं. कुणीतरी माझ्या हातात पेढ्यांचं ताट दिलं आणि मी वाटत सुटले. साहेबांनाही दिला. तो पेढा आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो.

कडबाकुट्टी जनावरांची वैरण बारीक करते. ती चालवतात बहुतेक बायका, आणि वैरण सारताना हात आत गेला तर हातच जातो. म्हणून छापायच्या आधी प्रत्येक पान मी उचगावात आमच्या गल्लीतल्या बायकांना मोठ्यानं वाचायला लावायचे. त्या अडखळल्या की वाक्य मोडायचं, परत लिहायचं. या पद्धतीला सर्टिफिकेटवाल्यांकडे काही नाव असेल. मला ते ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. त्यांचा जन्म फौंड्रीत साचे भरण्यात गेला. वाटलं, चिडतील.

"सर्टिफिकेट न्हाय म्हंत्यात, ते खोटं हाय व्हय?" ते म्हणाले. "गप ऱ्हा की. मोठ्या मान्सांस्नी नडू नगंस."

साहेबांपेक्षा हे जास्त लागलं. कारण ते खोटं नव्हतंच. रात्री त्या सर्टिफिकेटच्या परीक्षेचा अभ्यासक्रम मोबाईलवर पाहिला. अर्धाअधिक मी रोज करतच होते. उरलेलं खरंच येत नव्हतं आणि शिकायची इच्छा होती. पण सगळं इंग्रजीत. फी माझ्या पगाराच्या आवाक्याबाहेरची. साहेबांना विचारलं, कंपनी फी भरेल का?

"तुझ्या इंग्रजीवर?" एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर सर्टिफिकेटवाला माणूस आला. वाईट नव्हता बिचारा. पण कडबा कधी हातात धरला नव्हता. माझं मॅन्युअल त्याच्या नावानं छापायचं ठरलं. आयत्या बिळावर नागोबा. मी त्याला शेजारी बसवून सगळं समजावून सांगायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी पगारी खात होते.

मग एके दिवशी एचआरच्या बाईंनी कागद पुढे सरकवला. "पदाचं नाव दुरुस्त केलंय. सही कर."

कागदावर होतं : टायपिस्ट. खाली एक ओळ : आजवरच्या मॅन्युअलांचं फक्त टायपिंग केलं.

पेन हातात घेतलं. वडिलांचा चेहरा आठवला, घरातला गॅस आठवला. मोडलेली, परत लिहिलेली सगळी वाक्यं आठवली.

"नाही करत."

"नोकरी जाईल."

"नाही करत."

नोकरी गेली. अडवायला कुणी आलं नाही, फोनही नाही. वडील अजून नीट बोलत नाहीत. मॅन्युअल त्या माणसाच्या नावानं छापून गावोगाव गेलं आणि मला काहीही करता आलं नाही. दुसरीकडे मुलाखतीला जाते, तर पहिला प्रश्न तोच. सर्टिफिकेट आहे का?

आता परीक्षेला बसणार आहे. इंग्रजी शिकतेय, चुकतेय, रडतेय. कागद लागतो ना, तर कागद आणीन. पण तो नाचवत त्या टेबलावर जागा मागायला जाणार नाही. आणि उद्या कुणी माझ्या लिहिण्याला टायपिंग म्हणून कागद पुढे केला, तर घरात चूल पेटली नाही तरी चालेल, त्यावर माझी सही होणार नाही.