माथ्याच्या अलीकडे

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडच्या एका डोंगरावर आम्ही तिघं गेलो होतो: मी, बायको आणि तिचे वडील. डोंगर नावाजलेला नव्हता. रस्त्याकडेच्या खडीवर आमची एकटीच गाडी उभी होती आणि दिवसभरात दुसरं माणूस दिसलं नाही.

बाबा पुण्याहून आमच्याकडे लंडनजवळच्या वॉटफर्डला आले होते. निवृत्त शिक्षक. नोकरीभर रविवारी मुलांना किल्ल्यांवर न्यायचे. परत गेल्यावर त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर डोंगर बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याआधी त्यांना एक शेवटचा माथा गाठायचा होता.

"वर आहे काय?" त्यांनी गाडीतून उतरतानाच विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"बुरूज नाही, देऊळ नाही, पिठलं-भाकरी नाही? मग लोक जातात कशाला?"

"म्हणूनच जातात, बाबा."

"धन्य आहे!"

पाठीवरच्या पिशवीत त्यांनी नारळ घेतला होता. नव्या डोंगरावर पहिल्यांदा गेलं की माथ्यावर नारळ वाढवायचा, ही त्यांची जुनी रीत. "करवंटी खाली परत आणायची हं," बायकोने बजावलं. "इथे कचरा चालत नाही."

सुरुवातीला पाणथळ जमीन होती, बूट रुतत होते. पुढे चढ लागला आणि धुकं उतरलं. बाबा सावकाश, न थांबता चढत होते. जोरात वारा आला की आमचं बोलणं थांबायचं, आणि वारा पडला की इतकं शांत व्हायचं की त्यांचा श्वास मला ऐकू यायचा.

मग चढ संपला. सपाट गवत, मध्ये दगडांची रास. चारी बाजूंना पांढरं धुकं.

"आलो!" बाबा म्हणाले. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, ओल्या गवतावर अनवाणी उभे राहिले आणि राशीला हात जोडले. मग नारळ काढून म्हणाले, "जावईबापू, तुमची इंजिनिअरची नजर. एखादा टोकदार दगड बघा."

फोटोसाठी मी फोन काढला होता. त्यावर नकाशा उघडाच होता. आकडा समोर आला की मला तो न वाचता राहवत नाही.

"बाबा, हा माथा नाही."

"म्हणजे?"

"इथून थोडं उतरायचं आणि मग अजून नव्वद मीटर चढ आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला वाटलं, तिला थंडी वाजत असावी.

"नक्की?" बाबांनी विचारलं.

"नक्की."

त्यांनी नारळ पिशवीत ठेवला. ओल्या पायांवर मोजे चढेनात, म्हणून बायको खाली बसून ओढायला लागली. मग आम्ही पुढच्या उताराला लागलो. तिथेच त्यांचा गुडघा मुरगळला. थोडा वेळ दगडावर बसून ते म्हणाले, "आता पुरे."

"इथेच वाढवू या ना नारळ," मी म्हणालो.

"छे. वाटेत नाही वाढवत."

मुक्कामाच्या घरी बायकोने तो नारळ सिंकच्या कडेवर फोडला आणि पोह्यांवर खवला. बाबा झोपल्यावर मला म्हणाली, "तुला कोणी विचारलं होतं?"

"नंतर त्यांना कळलं असतं तर?"

"कुठून कळणार होतं?"

न बोलता राहिलो असतो तर ते खोटं ठरलं असतं का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. पुन्हा तशी वेळ आली तर गप्प बसेन, असंही खात्रीने सांगता येत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. आता बाबा सोसायटीच्या बागेला फेऱ्या मारतात. मागच्या महिन्यात आमचा व्हिडिओ कॉल सुरू असताना त्यांचे किल्ल्यांवरचे एक जुने सोबती घरी आले.

"काय मास्तर, विलायतेतला डोंगर केलात म्हणे!" त्यांनी दारातूनच विचारलं.

"नाही हो, माथा राहिला," बाबा म्हणाले. "मी तर खालीच नारळ वाढवत होतो. जावई आमचे काटेकोर, म्हणून कळलं."

आणि फोन सोबत्यांकडे वळवून त्यांनी मोठ्या कौतुकाने माझी ओळख करून दिली. मी नमस्कार केला.