आप्पा विसरले तरी

माझी वहिनी कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणकाम करते. कोटाच्या अस्तराला आतून इस्त्रीचा चटका बसला, तर गिऱ्हाईकाने विचारायच्या आत ही सांगून मोकळी. मालक कपाळाला हात लावतो. दुकानात तिला कबुलीबाई म्हणतात, आणि घरी आम्हीही.

आमच्या आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आता काही लक्षात राहत नाही. आत्ता घडलेलं घटकाभरात पुसलं जातं. परवा दुपारी वहिनी घरी एक कोट उसवत बसली होती, आणि आप्पांनी त्यावर चहा सांडला. कोट गिऱ्हाईकाचा, त्यात पांढरा. वहिनीचा तोल गेला. "मरत का नाही तुम्ही एकदाचे!" असं ती ओरडली. आप्पा रडले. थोड्या वेळाने हसत हसत पुन्हा चहा मागू लागले.

घरात दुसरं कुणी नव्हतं. मी आलो तेव्हा तिनेच हे मला सांगितलं.

"आता आप्पांची माफी मागते," ती म्हणाली.

मला वाद घालायची खुमखुमी फार. "ते विसरले, ऐकायला कुणी नव्हतं. मग चूक उरली कुठे? चांगलं-वाईट शेवटी माणसंच ठरवतात, वहिनी."

"उद्या सगळ्यांनी ठरवलं, म्हाताऱ्यांशी असंच बोलायचं, तर ते बरोबर होईल?"

"सगळेच म्हणाले तर..."

"तर सगळेच चुकतील, भाऊजी. त्यांना लागलं ते लागलं. आठवत नाही म्हणून काय लागलंच नव्हतं?"

मी चिडलो. "स्वतःचं मन हलकं करायला त्यांना पुन्हा कशाला रडवतेस?"

हे तिला झोंबलं. ती दारातच थबकली.

"रडले तर जवळ बसेन," म्हणाली आणि आत गेली.

खाटेच्या कडेला बसून तिने आप्पांना सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता. मी दारात उभा.

"मी रडलो का गं तेव्हा?" आप्पांनी विचारलं.

"हो."

आप्पांचे डोळे भरून आले. "फार वाईट बोललीस," ते म्हणाले. वहिनीने मान खाली घातली. आप्पांनी तिच्याकडे, मग दारातल्या माझ्याकडे पाहिलं.

"पण सांगितलंस हे बरं केलंस. मी विसरतो म्हणून या घरात मला कुणी काही सांगतच नाही. हा तर मुळीच नाही."