दादाच्या जागी रोमचा राजा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण शेवटी या गोष्टीत एकाच माणसाची फजिती होते आणि तो मी. सगळ्या माण गावाला मी आयुष्यभर गंडवलं. एकदा मात्र, गेलेल्या सख्ख्या भावालाच गंडवून बसलो.

दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. आमच्यात माणूस गेलं की सोनाराकडून त्याचा टाक करून घेतात. टाक म्हणजे छोट्याशा पत्र्यावर उठवलेली त्याची मूर्ती. ती देव्हाऱ्यात बसली की गेलेला माणूस घरात परत आला म्हणायचं. तोवर तो बिचारा उंबऱ्याबाहेर. हे काम वहिनीनं माझ्यावर सोपवलं. म्हणजे बघा, चुकीची सुरुवात काही मी केली नाही!

पौडच्या सोनाराकडं आज जातो, उद्या जातो करत मी चहाच्या टपरीवर महिना काढला. घट बसायला एक दिवस राहिला तशी वहिनी ओसरीवर येऊन माझ्यापुढं उभी राहिली. टाक कुठाय?

माझ्या तपकिरीच्या डबीत एक पिवळी चकती होती. आयटीवाल्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या बांधताना संडासाच्या खड्ड्यात मिळालेली. मला वाटलं, पितळ. एका बाजूला लांब नाकाच्या, जाड मानेच्या माणसाचं तोंड. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई. मी ती पुसून वहिनीच्या हातावर ठेवली.

"घ्या वयनी. दादा आले."

तिनं उलटीपालटी करून बघितली. "नुसतं तोंडच? आन् मिशी कुटं हाय?"

"वर गेल्यावर काडत्यात."

"ही मागं कोन बसलीया?"

"तुमी. हातात फांदी न्हाई का? शेळीला पाला घालताय."

आता वहिनी हसेल, पाठीत धपाटा घालील आणि मला पौडला पिटाळील, असा माझा अंदाज. ती हसली नाही. चकती पदरानं पुसली, कपाळाला लावली आणि त्या दिवशी वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवली. तुम्हीच सांगा, त्यानंतर कोणत्या तोंडानं खरं बोलायचं?

तीन वर्षं रोज सकाळी ती त्या चकतीशी बोलायची. म्हैस आटली, गुडघा धरलाय, वरचं शेत पोरानं बिल्डरला दिलं, आता तिथं भिंत घातलीय आणि आपल्याच बांधावर जाता येत नाही. मी ओसरीवरून ऐकायचो. तपकीर ओढली तरी शिंक येत नव्हती.

मग एका नवरात्रात वरच्या खोलीतले भाडेकरू, नांदेडकडचे इंजिनिअर, प्रसादाला आले. देव्हाऱ्यापुढं वाकले ते वाकलेलेच राहिले. मला वाटलं कंबर धरली. पण त्यांनी मला बाजूला नेलं. जुन्या नाण्यांचा नाद होता त्यांना.

"काका, हे सोनं आहे. रोमच्या बादशहाचं नाणं, टायबेरियसचं. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं. सरकारला कळवायला हवं."

मी म्हटलं, सरकारचं सोडा हो, वहिनीला कसं कळवू? आणि हा बादशहा माणूस म्हणून कसा होता?

तर म्हणे, उदास. कुणावर विश्वास नाही. म्हातारपणी एका बेटावर जाऊन राहिला. मेला तेव्हा कुणी रडलं नाही, लोकांनी आनंदच केला म्हणे.

त्या दिवशी मला पुरणपोळी गिळवेना. तीन वर्षं दादाचा नैवेद्य हा परका खात होता, आणि ज्या भावानं लहानपणी माझ्या वाटचा मार खाल्ला, तो उंबऱ्याबाहेर उभा होता. माझ्या एका थट्टेपायी.

दुसऱ्या दिवशी पौड गाठलं. सोनारानं फोटो मागितला. दादाचा एकच फोटो, लग्नातला. त्यात मुंडावळ्यांतून नुसती हनुवटी दिसते. सोनार म्हणाला, सख्खे भाऊ ना? मग तुम्हीच बसा समोर. बसलो. चार दिवसांनी टाक हातात आला, झकास, मिशीसकट. वहिनी डेअरीवर दूध घालायला गेली तशी अदलाबदल केली. दादा देव्हाऱ्यात, राजा तपकिरीच्या डबीत. विचारलंच तर सांगायचं, उजळायला दिला होता, मिशीही काढून आणली.

सकाळी वहिनीची हाक आली. चिंचेनं घासलेला टाक तिच्या तळहातावर होता.

"भावजी, ह्यो कान बगा."

लहानपणी लोकांच्या चिंचेवरून पडून माझा कान फाटलाय. तो सोनार मेला एवढा प्रामाणिक, की त्यानं तेवढा कानही उठवला होता.

"ह्ये तुमी हाय."

मग सगळं सांगून टाकलं. खड्ड्यापासून बेटापर्यंत. वहिनीनं हातातला टाक पाटावर ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तीन वर्सं मी त्याला समदं सांगितलंय," ती म्हणाली. "तुमच्या दादांना सांगाया कंदी धीर झाला न्हाई, त्ये बी."

मी खिशातली डबी चाचपली.

"त्याच्यापायी कोन रडलं न्हाई म्हन्ता?"

"न्हाई."

"मग काडा डबीतनं. कसल्या जागी ठेवलंय राजाला!"

राजा परत देव्हाऱ्यात गेला. मग वहिनी स्वतः पौडला गेली, सोनारापुढं बसली आणि नाक असं, मिशी अशी, कपाळावर आठ्या अजून दोन, असं सांगत दादाला घडवून घेऊन आली. त्याला राजाशेजारी बसवलं. म्हणाली, एवढी वर्सं भायेर हुते, आता सोबत असू द्या.

आणि माझा टाक? जित्या माणसाचा टाक देव्हाऱ्यात ठेवत नाहीत. मोडायला वहिनी तयार नाही. तिनं तो फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवला. पुढं वहिनीही गेली, देव्हाऱ्यात जाऊन बसली. दसरा जवळ आला की तिची सून चौघांनाही घासते. तिघं देव्हाऱ्यात जातात, मी डब्यात. परवा डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "तात्या, तुमची समदी तयारी झालीया बगा."

खरंय तिचं. कानासकट टाक तयार आहे, दादाच्या पलीकडं जागाही राखलेली आहे. मीच आपला आज जातो, उद्या जातो करत चहाच्या टपरीवर बसलोय.