झाकणाच्या आत

मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला अख्खी गल्ली डॉक्टर म्हणायची, आणि त्यालाही ते गोड लागायचं. मोठा भाऊ जहाजावर. त्याने पाठवलेल्या पैशांचा बँक लचका तोडते, म्हणून स्टेबलकॉइनचं खूळ डॉक्टरनेच काढलं. "डॉलरला बांधलेलं नाणं आहे, वहिनी. भाव हलत नाही. सगळं या फोनमध्येच, जपून वापरा." वहिनीला शिवणकामासाठी स्वतःचा गाळा घ्यायचा होता. ती तिथेच साठवू लागली.

या नाण्यांच्या कुलपाला बारा शब्दांची किल्ली असते. ती हरवली तर देवाच्या बापालाही कुलूप उघडता येत नाही. डॉक्टरने ते शब्द तिच्या फोनच्या झाकणाला आतून मार्करने लिहून ठेवले. गिऱ्हाइकाचं नाव, बिघाड, सगळं तो तिथेच लिहायचा; हातच तसा वळलेला.

एकदा फोन वहिनीच्या हातून पडला. झाकण तडकलं, फोन हँग होऊ लागला. दुकानात गर्दी होती. डॉक्टरने अशा प्रत्येक फोनचं करतो तेच केलं: सगळं पुसून फोन कोरा केला, नवं झाकण बसवलं, जुनं भंगारात टाकलं. एवढा हुशार माणूस, पण ते उलटून पाहिलं नाही. संध्याकाळी नाण्यांच्या कुलपाने बारा शब्द मागितले. तोवर भंगारवाला येऊन गेला होता.

"माझ्या हातून पडला म्हणूनच ना?" वहिनीने विचारलं.

डॉक्टरला नाही म्हणायचं होतं. तो म्हणाला, "हो, मार जोरात बसला."

नाण्यांचा भाव तसूभरही हलला नाही. इंटरनेटवर ती नाणी दिसायचीसुद्धा, फक्त काढता येत नव्हती. दुकान उघडलं की डॉक्टर आधी तेच बघायचा आणि मग त्याला चहा कडू लागायचा. त्याहून वाईट म्हणजे दादाचा बायकोवरचा विश्वास उडाला. घरखर्च तो आता डॉक्टरच्या खात्यात पाठवायचा. वहिनी परक्यासारखी काउंटरपाशी उभी राहून पैसे मागायची आणि डॉक्टर मान खाली घालून द्यायचा. त्याला स्वतःची किळस यायची.

आज पैसे घेताना ती म्हणाली, "भावोजी, यांना सांगा ना, मी आता फोन नीट सांभाळते."

डॉक्टरच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. "वहिनी, पडल्याने काही झालं नव्हतं. नाण्यांची किल्ली मी झाकणाच्या आत लिहिली होती. झाकण मीच फेकलं."

ती स्टुलावर बसली. "मला नका सांगू. यांना सांगा. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"बोल रे," दादा म्हणाला. "आता काय पाडलं हिने?"